लेकीला दिलेली बंदूक परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, जालना.

अर्जदार : गोजरबाई रामकिसन तळेकर, वय सत्तरीच्या पुढे, धंदा शेती, रा. हसनाबाद, ता. भोकरदन, जि. जालना.

विषय : मयत रामकिसन तळेकर यांची बारा बोअरची दुनळी बंदूक वारसाने तेलंगणात लेकीच्या नावावर गेली आहे, ती परत मिळण्याबाबत.

संदर्भ : सदर बंदूक लेकीच्या नावे होण्यास हरकत नाही, अशी अर्जदाराने व तिच्या मुलाने आपल्या कार्यालयात दिलेली संमती.

महोदय,

अर्जदार आपले गाऱ्हाणे स्वतःच्या हाताने लिहून आपणासमोर ठेवते. कचेरीच्या बाहेर अर्ज लिहून देणारे बसतात, पण ही गोष्ट दुसऱ्याच्या हाताने लिहिण्याजोगी नाही. अक्षर वाकडे आहे, मजकूर सरळ आहे.

१. बंदूक अर्जदाराच्या मालकांची. परवाना पिकाच्या राखणीचा होता. हसनाबादच्या शिवारात डुकरे आणि रोही यांचा त्रास किती, हे आपणास नव्याने सांगायला नको. मका दुधात आला की डुकरांना बराबर वास जातो. मालकांनी त्या बंदुकीने उभ्या आयुष्यात एक जनावर मारले नाही. बांधावर उभे राहून हवेत बार काढायचे, आणि आजूबाजूच्या सगळ्या रानांची राखण त्या एका बारात व्हायची. डुकरांना एवढी अक्कल असते की आवाज झाला की वाट धरावी. बंदुकीचा लाकडी दस्ता एकदा तडकला तेव्हा मालकांनी त्याला तांब्याची तार इतकी घट्ट गुंडाळली की नवा दस्ता काय टिकेल. ही खूण मुद्दाम लिहिली आहे, कारण पुढे ती लागणार आहे.

२. मालक वारले. धनी गेला तरी बैल दावणीलाच राहतो, बंदूक राहत नाही. ती पोलीस ठाण्यात जमा झाली. वारस तिघे : अर्जदार स्वतः, मुलगा कल्याण, आणि लेक दैवशाला. कल्याण अर्जदाराजवळ राहतो, तीच शेती कसतो, त्याच मक्याची राखण करतो. गावात कोणालाही विचारले असते की बंदूक कोणाला जाणार, तर शेंबड्या पोरानेही कल्याणचे नाव घेतले असते. अर्जदाराने दैवशालाचे घेतले.

३. का घेतले, ते साहेबांना समजले पाहिजे. दैवशाला दिली आहे तेलंगणात, भैंसा शहराच्या अंगाला एका गावी. लोक आपलेच, मराठी बोलणारे, फक्त राज्य दुसरे. जमीन बक्कळ, जंगलाच्या कडेला. घर मोठे आणि लेक त्या घरात लहान. बाप गेल्यावर ती आली आणि भावाच्या नावाने हक्कसोड करून दिली. आपल्याकडे लेकी असेच करतात. साडीचोळी घेतात, सही करतात, डोळे पुसतात आणि गाडीत बसतात. तिने तेही तोंडातून शब्द न काढता केले. जाताना अर्जदाराच्या मांडीवर डोके ठेवून एवढेच म्हणाली, "आई, त्या घरात एक वाटीसुद्धा माझ्या नावाची न्हाई. काही इचारलं तर सासू म्हणती, तुझं काय हाय इथं." लहानपणी बापासोबत बांधावर तीच जायची. कल्याण आवाजाला भ्यायचा, कानात बोटे घालून गोठ्यात बसायचा. दैवशाला उडालेली काडतुसे वेचून आणायची आणि त्यांची भातुकली मांडायची. तेव्हा अर्जदाराने मनाशी ठरवले की या एका वस्तूवर लेकीचे नाव लागू द्यायचे. सरकारी शिक्क्याचे नाव, जे सासू पुसू शकत नाही.

४. आंदण निराळे आणि वारसा निराळा, हे अर्जदाराने त्याच वेळी दोन्ही लेकरांना समोर बसवून सांगितले होते. आंदण जावयाच्या दारात जाते आणि त्या घराचे होते. कपाट, पलंग, हंडे, सगळे. वारसा माणसाच्या अंगावर जातो. कल्याण म्हणाला, "आई, तू वकील कवा झालीस?" मंग सही केली आणि पेन अर्जदाराच्या पुढ्यात टाकून उठला. त्या दिवसापासून माय-लेकात सरळ बोलणे राहिले नाही.

५. बंदूक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायची तर लुगड्याच्या घडीत घालून नेता येत नाही, हे अर्जदाराला तेव्हा समजले. लेकीने तिकडच्या जिल्ह्यात अर्ज करायचा, तिकडच्या पोलिसांनी तिची चौकशी करायची, इकडच्या वारसांनी हरकत नाही म्हणायचे, डॉक्टरने ती धडधाकट आहे म्हणायचे, बंदूक कशी धरायची ते शिकल्याचा दाखला आणायचा, आणि मंगच तिकडचा परवाना दाखवून इकडच्या ठाण्यातून बंदूक उचलायची. तिकडची चौकशी बऱ्याच वेळा अडली. अर्जदार आपल्या कचेरीत इतक्या वेळा आली की दारावरचा शिपाई तिला बसायला आपला स्टूल देऊ लागला. खर्च अर्जदाराने केला, त्याचे काही म्हणणे नाही. ज्या दिवशी बंदूक लेकीच्या हातात आली त्या दिवशी अर्जदाराने तिला ओवाळले. जावई आदिनाथ बाजूला उभा होता. त्याला म्हटले, "जावईबापू, ही तुम्हाला दिलेली न्हाई." तो हसला. अर्जदारालाही तेव्हा ते हसण्यासारखे वाटले.

६. त्यानंतर दोन हंगाम कल्याणने मका फटाक्यांवर राखला. फटाक्याला डुकरे दोन दिवस भितात, तिसऱ्या दिवशी खाली मान घालून खातात. मंग त्याने घरातल्या जुन्या साड्या बांधाभोवती बांधल्या. दैवशालाने अर्जदाराला दिवाळीला घेतलेली साडीही त्याने नेली. सून मीना अडवू लागली तर म्हणाला, "बंदूक तिकडं गेली, साडी तरी इकडं कामाला येऊ दे." आपणच दिलेले, आपणच सोसायचे. लेक तिकडे ताठ मानेने वावरत असेल, एवढ्यावर अर्जदाराचा जीव तगून होता.

७. गेल्या लगीनसराईत दैवशालाचा दीर सुमित याचे लग्न निघाले, मांडव त्यांच्याच दारात. अर्जदार गेली. नवरदेवाची वरात आली तेव्हा घोड्यावर सुमित, डोक्याला फेटा, आणि खांद्याला बंदूक. लाल फीत बांधलेली. अर्जदाराची नजर दस्त्यावर गेली आणि तांब्याची तार दिसली. ज्या तारेवर मालकांचे हात झिजले, तिच्यावर फीत. मंडपाच्या तोंडाशी सुमितने बार काढला. वर नेम धरला असेल, पण घोडे बिचकले आणि छर्रे मांडवाच्या कापडातून गेले. कापडाखाली रुखवताजवळ लेकरे बसली होती. त्यांच्या अंगावर चिंध्या पडल्या. लेकरे हसली. वऱ्हाड टाळ्या वाजवत होते. जावई आदिनाथ मोबाइल वर धरून चित्र काढत होता.

८. अर्जदार तशीच स्वयंपाकाच्या खोलीत गेली. दैवशाला बायकांमध्ये बसली होती. अर्जदाराने हळू आवाजात विचारले, कारण पाहुण्यांत तमाशा करण्याची अर्जदाराची रीत नाही. "बंदूक सुमितकडं कशी?" तर लेक हळू बोलली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते :

"आई, माहेरून आलेल्या कपाटावर माझं नाव न्हाई, पलंगावर न्हाई. मंग एकट्या बंदुकीवरच नाव काय सांगून राह्यलीस? ती ह्या घरात आली, ह्या घराची झाली."

अर्जदार म्हणाली, "कपाट फुटलं तर तुला कोणी जेलात न्यायचं न्हाई."

त्यावर तिने पदर बाजूला सारला आणि कमरेचा जुडगा दाखवला. कोठीच्या, तिजोरीच्या, मोठ्या खोलीच्या, सगळ्या घराच्या किल्ल्या. "ह्या बघ. मामंजींनी मला दिल्या. थोरल्या जावेला न्हाई, मला. का दिल्या ते इचार. बंदुकीची पेटी मी सुमितभाऊजींच्या हातात दिली त्याच दिवशी दिल्या. इतकी वर्षं मी ह्या घरात धुण्याच्या दगडासारखी पडून होते, तवा तू कुठं होतीस?" आणि शेवटी, "पाहुणी आलीस, पाहुणीसारखी जेवून जा."

बायका हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरे झाले असते. अर्जदार न जेवता निघाली. लेकीच्या घरी तसेही अर्जदार जेवत नाही, पण त्या दिवशी पाणीही घेतले नाही.

९. अर्जदाराला वाटले होते की पोरीकडून हिसकावून घेतली असेल, धाक घातला असेल. त्याचे अर्जदाराला इतके दुःख झाले नसते. हिसकावलेले परत आणता येते. तिने स्वखुशीने दिली, आणि बदल्यात किल्ल्या घेतल्या. मुलाच्या तोंडचा घास काढून आईने दिलेली वस्तू तिने दिराच्या वरातीला मोडून खाल्ली.

१०. मंग अर्जदार आपल्या कचेरीत चौकशीला आली. आपला कारकून मनुष्य सज्जन. त्याने खुर्ची दिली आणि कायदा समजावून सांगितला. तो म्हणाला, "आजी, वारसा वरून खाली येतो, खालून वर चढत न्हाई. एकदा लेकीच्या नावावर गेली ती गेली." अर्जदाराने विचारले, लेक जिवंत असताना आईला परत मिळण्याचा काहीच नियम नाही काय. तो म्हणाला, लेकीने राजीखुशीने विकायला काढली तर ज्याच्याकडे परवाना आहे त्याला घेता येईल. अर्जदाराकडे परवाना नाही, आणि लेकीकडे खुशी नाही. "मंग वारसाने परत कवा येईल?" कारकुनाने चहाचा कप अर्जदाराकडे सरकवला. तो काय बोलला नाही ते अर्जदाराला बराबर समजले. म्हणजे आईने लेकीच्या मरणाची वाट पाहायची, आणि तेव्हाही आधी तिची लेकरे आणि नवरा, मंग सासरची माणसे, आणि त्या सगळ्यांच्या मागे आई. साहेब, ज्या कायद्याने बंदूक खाली उतरवताना आईची सही मागितली, त्या कायद्याला तीच आई परत मागायला आली तर बसायला जागा नाही.

११. अर्जदाराने शेवटी विचारले की परवाना एकाचा आणि बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर, हे चालते काय. कारकून म्हणाला, बिलकुल चालत नाही. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. वरातीत बार काढणे हा निराळा गुन्हा. तसे कुठे झाले असेल तर लेखी द्या. अर्जदार द्यायला तयार झाली. मंग तो कारकून म्हणाला, "आजी, लिहायच्या आधी एक ध्यानात घ्या. ज्याने उडवली तो तर आहेच. पण परवाना ज्याच्या नावावर त्यालाही जबाब द्यावा लागतो." अर्जदाराने कोरा कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

१२. हे तिकडे कसे पोचले माहीत नाही. बहुधा कल्याणने रागाच्या भरात सांगितले असेल. कल्याणच्या मोबाइलवर दैवशालाचा फोन आला. तिने आईला फोन दे म्हटले. अर्जदाराच्या मनात आले, आता रडेल, आता म्हणेल की चुकले. ती म्हणाली, "तू अर्ज करणार म्हणे. कर. आत मीच जाईन. पण तू करणार न्हाईस आई, मला ठाऊक हाय." आणि फोन ठेवला.

अर्जदाराला आजवर अनेकांनी फसवले आहे. बियाण्यात फसवले, मापात फसवले, जमिनीच्या बांधात फसवले. त्यांच्यापैकी कोणीही अर्जदाराच्या मायेवर हिशोब मांडून फसवले नव्हते. तिला ठाऊक आहे. आईच्या कुशीतून जे ठाऊक झाले ते तिने आईविरुद्धच वापरले. त्या दिवसापासून अर्जदाराच्या अंगाची आग होते.

१३. म्हणून हा अर्ज. आता साहेबांना अडचण ही पडेल की परिच्छेद सात मध्ये गुन्हा लिहिला आहे आणि तो वाचल्यावर साहेबांना गप्प बसता येणार नाही. अर्जदाराची विनंती अशी की सदर परिच्छेद वाचून न वाचल्यासारखा करावा. तसे करता येत नसेल तर असे धरावे की तो म्हाताऱ्या बाईने रागात लिहिला, तिला लांबचे दिसत नाही, घोड्यावर कोण होते ते तिने ओळखले नाही. तेही चालत नसेल, आणि कोणाच्या तरी नावावर लिहिणे भागच असेल, तर अर्जदाराच्या नावावर लिहावे : मुलाच्या हक्काची वस्तू हिने हट्टाने दुसऱ्या राज्यात पाठवली, आणि पाठवताना ती कोणाच्या हाती जाईल याचा विचार केला नाही. हे खरे आहे. यावर सही करायला अर्जदार तयार आहे. जबाबालाही येईल. दुपारच्या आत बोलवावे, म्हणजे परतीची बस मिळते.

१४. अर्ज लिहिता लिहिता अर्जदाराच्या हे ध्यानात आले आहे की विषयाच्या ओळीत "परत मिळण्याबाबत" असे लिहून गेले, पण आता अर्जदाराला बंदूक नको आहे. ती घरी आली तर कल्याण रोज तिच्याकडे बघेल आणि रोज एक शब्द बोलेल. तो बोलायचा थांबला तर अर्जदार स्वतः बोलेल. सबब विषयाची ओळ तशीच ठेवून मागणी पुढीलप्रमाणे समजावी :

निवडणूक लागली की सरकार सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेते, त्यात कोणाचा अपमान नसतो आणि कोणी कोणाला विचारत नाही. त्याच रीतीने साहेबांनी तिकडच्या साहेबांना लिहावे की इकडून गेलेल्या बंदुकीची तपासणी करायची आहे, ठाण्यात आणून द्या. दसऱ्याच्या आत हे व्हावे, कारण सीमोल्लंघनाला सुमित ती घेऊन निघणार हे अर्जदाराच्या कानावर आले आहे, आणि या वेळी कापडाखाली कोण बसलेले असेल ते सांगता येत नाही. एकदा जमा झाली की परत देऊ नये. दस्ता तडकलेला आहे, हे कारण खरे आहे आणि पुरेसे आहे. लेकीच्या नावावरून ती उतरवावी आणि सरकारने ठेवून घ्यावी, मोडावी, वितळवावी. वारस म्हणून अर्जदाराची यास हरकत नाही. पूर्वी नव्हती, आताही नाही.

व्याह्यांना यात सरकारचा हात दिसावा, अर्जदाराचा दिसू नये. त्यांना जर समजले की बंदूक सुनेच्या माहेरच्या माणसाने घालवली, तर त्याच दिवशी तिच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतील. त्या तिच्याकडेच राहाव्यात. महाग पडल्या आहेत.

आपण थोर पदावर आहात, आपल्याही घरी लेकीबाळी असतील, असे लिहायची पद्धत आहे. अर्जदार तसे लिहीत नाही. आपण फक्त पत्र लिहावे.

आपल्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,

सही
(गोजरबाई रामकिसन तळेकर)
हसनाबाद, दिनांक १८ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) मालकांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
२) दैवशालाने भावाला करून दिलेल्या हक्कसोडीची प्रत. तिने काही न मागता सही केली होती, हे साहेबांना दिसावे म्हणून.
३) वरातीचे मोबाइलवरील चित्र जोडलेले नाही. ते कल्याणकडे आले होते, अर्जदाराने त्याच्या समोर बसून पुसायला लावले.

प्रत :
१) तेलंगणातील संबंधित जिल्हाधिकारी साहेब यांना, परिच्छेद सात ते तेरा वगळून.
२) व्याही यांना देऊ नये.
३) सौ. दैवशाला आदिनाथ कदम हिला द्यावी. बंद पाकिटात, तिच्याच हातात, सर्व परिच्छेदांसह.